बारावीच्या कॅल्क्युलसची निवड

गुरुग्रामच्या त्या शाळेत पुस्तकं आधी यायची आणि निवड समिती मग बसायची. यंदाही बारावीच्या कॅल्क्युलसचे खोके स्टोअरमध्ये येऊन पडले, आणि मग सुनेत्राला बैठकीचं बोलावणं आलं. लेखक म्हणजे ट्रस्टींचे जावई. तेव्हा निवडायला उरलं होतं काय, तर चहाबरोबर समोसा की बिस्किट.

सुनेत्रा मूळची पुण्याची, गणित शिकवण्यात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. बाकीच्यांनी मुखपृष्ठ पाहून सह्या ठोकल्या. हिने मेलं ते पुस्तक उघडून वाचलं. एका धड्यात, चौकटीत, ठळक अक्षरांत छापलं होतं: आलेख कुठे तुटत नसेल, तर त्याचं डेरिव्हेटिव्ह सगळीकडे निघतं. साफ खोटं! आलेखाला अणकुचीदार टोक असलं की तिथे डेरिव्हेटिव्ह निघत नाही, हे तिची पोरं झोपेतही सांगतील.

"मॅडम, ये गलत है. मैं साइन नहीं करूँगी," ती म्हणाली.

शेजारच्या विनय सरांच्या हातातला समोसा हातातच राहिला. प्रिन्सिपल बाई मात्र हसल्या.

"बिल्कुल, आपकी मर्जी. अच्छा, रसिका इस साल ट्वेल्थ में है न? बोर्ड को इंटर्नल मार्क्स तो आखिर मैं ही भेजती हूँ. बड़ी होनहार बच्ची है."

रसिका तिची एकुलती एक लेक, बारावीला तिच्याच वर्गात. सुनेत्राने सही केली. स्वतःची इतकी चीड तिला कधी आली नव्हती. घरी रसिकाला हे सारं सांगून टाकायचं म्हणून तिने कितीदा तोंड उघडलं, पण पोरीकडे पाहिलं की भलताच विषय काढायची.

सत्र सुरू झालं आणि तो धडा आला. सुनेत्रा ती चौकट घाईघाईने उरकत होती, तोच प्रिन्सिपल बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. राउंडला निघाल्या होत्या म्हणे. आणि नेमका तेव्हाच पहिल्या बाकावरून रसिकाचा हात वर गेला. हात खाली घे गं बाई, सुनेत्रा मनातल्या मनात विनवत राहिली.

"मॅम, ये गलत लिखा है. घर पे आपने ही तो उल्टा सिखाया था!" पोरगी अगदी अभिमानाने बोलली.

"अच्छा?" दारातून आवाज आला. "घर पे क्या सिखाया, सुनेत्रा जी?"

वर्ग टकामका बघू लागला.

"बैठ जाओ, रसिका. तुमने गलत समझा था. किताब में जो है, वही सही है."

साऱ्या माना खाली गेल्या आणि मुलं चौकट वहीत उतरवू लागली. रसिकाने आधी वहीतली घरी शिकलेली ओळ खोडली, मग तीही लिहू लागली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शंकासुद्धा नव्हती. आई म्हणाली म्हणजे आपलंच चुकलं असणार, एवढंच होतं.