जिना चढायची शर्यत

बाळंतपणाच्या रजेवरून परतले आणि त्याच आठवड्यात माझ्या प्रोग्रामची गुरुजींच्या प्रोग्रामशी शर्यत लागली. गुरुजी म्हणजे टीममधले सगळ्यांत जुने. मी जिंकले तर रजेआधीचं माझं काम मला परत, हरले तर ते गुरुजींकडे आणि मी दुसऱ्यांच्या चुका शोधायला.

कोडं सोपं. एकेक किंवा दोन-दोन पायऱ्या घेत जिना किती प्रकारे चढता येईल? गुरुजींचा प्रोग्राम कुठल्याही पायरीचं उत्तर विचारलं, की दर वेळी पार तळापासून मोजत यायचा. माझा एकदा काढलेलं उत्तर जपून ठेवणार, पुन्हा विचारलं की काढून देणार. यात हरायचं म्हटलं तरी जमू नये.

मीटिंगच्या आधी घरी दोन्ही प्रोग्राम चालवून पाहिले, तर माझा गुरुजींच्याही मागे!

लेक नुकती रांगायला लागलेली. मी एका हाताने कोड सरकवत वाचत होते, दुसऱ्याने तिचे ठोकळे टोपलीत भरत होते. टोपली भरली की ती उपडी करायची आणि माझ्याकडे बघून बोळकं पसरून हसायची. शेवटी मी वैतागले. "अगं बाई, दर वेळी टोपली रिकामी केलीस तर त्यात राहील काय?"

म्हटलं आणि जीभ चावली. उत्तरं ठेवायची टोपली मी प्रोग्रामच्या आतच मांडली होती. प्रत्येक पायरीला प्रोग्राम नव्याने चालायचा, म्हणून टोपलीही दर वेळी नवी, कोरी. जपणार काय, कपाळ!

"एवढ्याशा पोरीवर कशाला डाफरतेस?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"तिच्यावर नाही, आई. स्वतःवर."

टोपली उचलून बाहेर मांडली. एका ओळीचं काम.

मीटिंग ऑनलाइन होती, लेक माझ्या मांडीवरच झोपली होती. बटण दाबलं, माझं उत्तर हजर. गुरुजींच्या लॅपटॉपचा पंखा अजून घरघरतच होता. हिने उत्तरं आधीच भरून ठेवली असणार, असा त्यांना संशय. साहेबांनी टोपली रिकामी करून पुन्हा चालवायला लावलं. पुन्हा तेच.

"तुझं काम तुला परत," साहेब म्हणाले. "गुरुजी, तुमचा प्रोग्राम बंद करा आता."

"असू दे हो," गुरुजी पडेल आवाजात म्हणाले. "बिचारा इतक्या पायऱ्या चढलाय."

सगळे हसले. लेक दचकून उठली, मला घट्ट बिलगली आणि परत झोपली. मी लॅपटॉपचा आवाज बारीक केला.