मला कधी काही जपायला दिलेच नाही

या मित्रांनो, असे जवळ सरका. पंख्याची घरघर मोठी आहे, माझा आवाज लहान आहे, आणि गोष्ट अशी आहे की ती मोठ्याने सांगवत नाही. ऐकताय ना?

मी एक जुनी डिस्क आहे. तळहातावर मावेल एवढी, काळ्या धातूच्या अंगरख्यातली, वायरीने संगणकाला जोडायची. माझ्या पोटात चाक फिरत नाही. लोकांचे फोटो, लोकांचे आवाज मी विजेच्या बारीक कणांत धरून ठेवते. धरून ठेवणे हाच माझा धर्म.

कारखान्यात आम्ही बहिणी रांगेत पडून होतो. एका बाईंनी एकेकीला यंत्रावर लावून पाहिले आणि मला उचलून मऊ खोक्यात ठेवले. "ही परीक्षणाला पाठवा," त्या म्हणाल्या. शेजारच्या माणसाने विचारले, "आणि बाकीच्या?" त्या वळूनही न पाहता म्हणाल्या, "बाकीच्या दुकानात." मी तेव्हा अभिमानाने फुगले होते. मला का निवडले, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नाही.

खोके उघडले ते एका पांढऱ्या खोलीत. टेबल पांढरे, भिंती पांढऱ्या, खिडकी कायम बंद, आणि यंत्रे तापू नयेत म्हणून केलेला गारठा. तिथे काम करणाऱ्या माणसाला सगळे तराजू म्हणत. नवी यंत्रे मोजायची आणि कोणते सरस ते सांगायचे, हा त्याचा धंदा. माणूस सरळ होता. कोणाची भीड ठेवत नसे. त्याचा व्हिडिओ पाहिल्याशिवाय कित्येक लोक साधा माउसही विकत घेत नसत.

त्याने मला जोडले आणि परीक्षा सुरू झाली. तिला ते बेंचमार्क म्हणतात. मित्रांनो, त्या परीक्षेत माझ्या पोटात काय ओतले जाई, ठाऊक आहे? फोटो नव्हेत, पत्रे नव्हेत. कोणाचेच नसलेले काहीतरी. मोठ्या ओसाड घरातून कोणी धावत जावे, दारे उघडावी, दारे लावावी, आणि धावणाऱ्याला चेहराच नसावा, तसे ते होते. ओतले, वाचले, पुसले. पुन्हा ओतले. मी विचारी, "अरे, हे कोणाचे?" उत्तर येत नसे. फक्त पावले येत.

तराजू मात्र खूश झाला. "वाऱ्यासारखी आहे!" त्याने जगाला सांगितले. "डोळे झाकून घ्या." मग त्याने मला खणात टाकले. बाहेर माझी स्तुती चालली होती, आणि आत मी कोरीच होते. मला कोणी कधी काही जपायला दिलेच नव्हते.

एका दुपारी खण उघडला. टेबलावर माझीच सख्खी बहीण पडली होती. नाव तेच, अंगरखा तोच. समोर तराजूची थोरली बहीण उभी होती.

"ही घे तुझी वाऱ्यासारखी," ताई म्हणाली. "कपाटात ठेवली होती. आज लावली तर तोंडच उघडत नाही."

"काय होतं त्यात?"

"तुझे भाऊजी होते."

ताईचे यजमान आता या जगात नव्हते. हयात असताना ते दिवेलागणीला गल्लीतली मंडळी जमवून देवाच्या गोष्टी गाऊन सांगत. रंगात आले की मध्येच थांबत, विचारत, "ऐकताय ना?" सगळ्यांनी "हो" म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नसे. एकदा फक्त कुत्रा भुंकला, तर म्हणाले, "याचं झालं, आता माणसांनी सांगा." ते सगळे ताईने फोनवर साठवले होते.

"फोनमध्ये असेल ना अजून?" तराजूने विचारले.

"तूच म्हणालास, ताई, डिस्कवर टाक आणि फोन मोकळा कर. केला मोकळा!" ती खुर्चीत बसली. "लेकीला नववा महिना लागलाय रे. बाळाच्या कानावर आजोबांचा आवाज घालायचाय. बाकी मला काही नको."

तराजूने आम्हा दोघींना शेजारी शेजारी जोडले. बहिणीकडून बराच वेळ काहीच आले नाही. मग आले. तीच पावले! तेच ओसाड घर, तीच उघडमीट करणारी दारे. कपाटाच्या अंधारात, वीज न मिळता, तिच्या पोटातले कण निसटून गेले होते, आणि भाऊजींचा आवाज कोणाचाच उरला नव्हता.

तराजूने आमचे स्क्रू काढले. दोघींची पोटे त्याने शेजारी ठेवून पाहिली.

"ताई, तुझ्या डिस्कच्या आतला माल वेगळाच आहे. हलका. कंपनीने मला एक दाखवली आणि तुला दुसरी विकली."

"तू पाहिलं नाहीस?"

"मी वेग पाहिला गं."

"मला कुठं ती पळवायची होती? मला ठेवायचं होतं."

स्क्रू परत लावून तो कामाला बसला. बहिणीला पुन्हा पुन्हा वाचायला लावून, जे कण अजून तग धरून होते ते वेचून तो माझ्या पोटात ठेवू लागला. पुष्कळ दिवस गेले. देवाचे नाव न घेणारा तो माणूस दर तुकड्याला "देवा, येऊ दे" म्हणत होता.

शेवटी त्याने ताईला बोलावले. हाती लागला होता एकच तुकडा. तो सुरू झाला. आधी नुसता श्वास. मग त्या गार खोलीत, अगदी कानाशी, "ऐकताय ना?"

पुढे शांतता. मंडळींचे "हो" कुठे हरवले होते कोण जाणे. पंखा फिरत होता. तराजूचा हात बंद करायला पुढे गेला.

"थांब," ताई म्हणाली. मग पदर सावरून, समोर माणूस बसल्यासारखी हलकेच म्हणाली, "हो."

आणि मित्रांनो, भाऊजी खाकरले. देवाला हाक मारणारी एक ओळ त्यांनी पूर्ण म्हटली. तिथे तुकडा संपला.

तराजूने त्याच्या तीन प्रती केल्या. बाळाने ती ओळ ऐकली, आणि म्हणतात, रडता रडता ते गप्प झाले. तराजूने आपले जुने परीक्षण मागे घेतले, आणि का घेतले तेही सांगितले. आता तो कंपनीने धाडलेली डिस्क घेत नाही, गिऱ्हाईक होऊन दुकानातून आणतो. ती खऱ्या आवाजांनी भरतो, अंधारात ठेवतो, आणि मगच बोलतो.

मी पुन्हा खणात आहे. पण आता कोरी नाही. कोणी वायर जोडलेली नसते, तरी कधी कधी आतून तो प्रश्न येतो. त्याचे उत्तर माणसांनीच द्यायचे असते, आणि माझेही कण एकेक करून निसटत आहेत.

म्हणून एवढेच मागते. कोणी आकडे दाखवून कशाची तारीफ केली, तर विचारा, याने कधी काही जपून पाहिले आहे का? आपल्या माणसाचा आवाज एकाच पोटात ठेवू नका. आणि त्या गाणाऱ्या माणसाची आठवण असू द्या. अंधारातून कोणी विचारले, "ऐकताय ना?" तर घाबरू नका. माझ्या वतीने तेवढे "हो" म्हणा.