शिंग नसलेलं फूल

अल्व्हिनाने कॉफीचा कप बाजूला सारला, डेलबर्टने आणलेल्या गुच्छातलं एक फूल खुडलं आणि चिमट्याने भिंगाखाली धरलं. समोर तो टोपी मांडीवर ठेवून अवघडून बसला होता, दातांच्या डॉक्टरकडे बसावं तसा.

"कुंपणापाशी मिळालं," तो म्हणाला. "मला काही वेगळंच वाटलं, बाई."

डेलबर्ट म्हणजे शेजारच्या कुरणाचा मालक. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. अल्व्हिना कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, म्हणून सगळं गाव तिला बाईच म्हणायचं. कॅन्ससच्या त्या टेकड्यांवर मिल्कवीडचं, म्हणजे आपल्या रुईच्या भावंडांचं, रान माजतं. त्यातली कोण कुठली हे फुलावरून लावण्यात तिचा जन्म गेला होता. गेल्या उन्हाळ्यात तिने डेलबर्टलाही पायरीवर बसवून शिकवलं होतं. पाकळ्या खाली दुमडलेल्या, त्यांच्यावर पाच द्रोणांचा मुकुट. द्रोणातून शिंगासारखं बारीक टोक वर आलेलं असलं तर एक गट, नसलं तर दुसरा. पानांवर जाऊ नका, आधी शिंग बघा, असं तिने बजावलं होतं. डेलबर्टने मान डोलावली होती. कळलं किती, देव जाणे.

यंदा मात्र सगळंच निराळं होतं. दूर टूसान शहरातून बहिणीने लकडा लावला होता, की एकटी कशाला राहतेस, घर विकून इकडे ये. गिऱ्हाईकही लागलं होतं. येत्या रविवारी होकार कळवायचा होता. हे तिने डेलबर्टच्या कानावर घातलं तेव्हा तो नुसता "बरं" म्हणाला आणि तिच्या फाटकाची बिजागरी घट्ट करत बसला. त्या एका "बरं"चा तिला आठवडाभर राग आला होता. माणसाने इतकंही मुखदुर्बळ असू नये. थांबा, एवढं जरी म्हणाला असता, तरी ती थांबली असती.

तिने भिंगातून पाहिलं. पानं तर साध्या मिल्कवीडची, रस्त्याच्या कडेला पैशाला पासरी मिळणाऱ्या. त्याला शिंग हवंच. इथे द्रोण रिकामा. दुसरं फूल घेतलं, तेही रिकामं. ती खुर्चीत पुढे सरकली. असलं फूल तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

मग तिने भिंग आणखी जवळ ओढलं. द्रोणाच्या तळाशी इवलासा ताजा खुंट होता, त्यावर चिकाचा ठिपका सुकलेला. पुढच्या द्रोणातही तसाच. शिंगं होती, कुणीतरी ती एकेक करून उपटली होती. एका गुच्छात कितीतरी फुलं, प्रत्येकात पाच शिंगं, तिळाहून बारीक. मान वर न करता तिने डेलबर्टच्या हातांकडे पाहिलं. कुंपणाच्या तारा पिळून जाड झालेली बोटं, आणि नखांत चीक काळा पडलेला.

थांबा म्हणायला जीभ रेटेना, म्हणून हा बाबा डोळे ताणून फुलं सोलत बसला होता. तिला हसू फुटत होतं, ते तिने ओठांत दाबलं. आणि फार बरं वाटलं तिला, कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं इतकं.

"नवीन जात आहे का?" डेलबर्टने विचारलं. आवाज जरा चिरकलाच. "नवीन असली तर तपासणी एका उन्हाळ्यात उरकत नाही म्हणे. तुम्हीच सांगितलं होतं."

"घाई करू नका. सगळी फुलं बघू द्या."

ती एकेक बघत गेली. गुच्छाच्या अगदी खालच्या अंगाला, देठांच्या गर्दीत दडलेल्या एका फुलात एक शिंग राहून गेलं होतं. चांगलं अखंड, बाकदार. डेलबर्ट खिडकीबाहेर बघत होता. अल्व्हिनाने चिमट्याने ते हळूच उपटलं आणि बशीच्या कडेला पुसून टाकलं.

"एकातही शिंग नाही," ती म्हणाली. "पुढच्या जूनमध्ये पुन्हा बघावं लागेल मला."