उजेड पुरेसा होता

भाविकाने कार्ड-रीडरमध्ये कॅमेऱ्याचं कार्ड सरकवलं आणि सवयीने अंगठा लावून दाबून धरलं.

"दाबू नका मॅडम," काउंटरपलीकडून रामकिसन म्हणाला. "छोड दीजिए. चांगला रीडर स्वतःच पकडतो."

तिने अंगठा काढला. लॅपटॉपवर कार्डाचं नाव उमटलं आणि टिकून राहिलं. तिने वायर हलवून पाहिली, तरीही ते गेलं नाही. बोईसर स्टेशनजवळच्या त्या दुकानात आधी तिने दोन रीडर बाजूला सारले होते. एकात कार्ड डुगडुगत होतं. दुसरा इवलासा, थेट लॅपटॉपला चिकटणारा, मोठ्या फाइली घेताना चटका बसेल इतका तापला होता. हा तिसरा धातूचा होता. कार्ड पुरतं आत बसत होतं आणि वायर जाड होती.

"आधीच्याला काय झालं?" रामकिसनने विचारलं.

"जुना झाला होता," भाविका म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

खरं तर तो जुना झालाच नव्हता. फुटपाथवर मोबाइलच्या कव्हरांशेजारून तिने तो उचलला होता, आणि महिन्याभरातच त्याने रंग दाखवले होते. कॉपी चालू असताना त्याचा दिवा मधेच विझायचा. अंगठा दाबला की पुन्हा लागायचा. बदलायला हवा हे तिला रोज समजत होतं आणि रोज ती ते उद्यावर टाकत होती. अख्खा लग्नाचा मोसम तिने असाच अंगठ्यावर काढला.

त्यातच मासवणकडच्या पाड्यावर जिव्या आणि तानीचं लग्न झालं. दोघं कित्येक वर्षं संसार करत होते, पण गावजेवण घालायचं जमलं नव्हतं म्हणून लग्नाचा विधी राहून गेला होता. यंदा ते जमलं. कॉलेजात जाणारी त्यांची लेक हेतल आईबापाच्या लग्नात करवली होऊन मिरवली. फोटो काढायला भाविकाला तिनेच शोधून काढलं होतं. वीटभट्ट्यांवर पांगण्याआधी सगळी भावकी त्या दिवशी एका मांडवात होती. तानीची आई, साखरबाई, नातवाच्या खांद्याला धरून नाचली होती. भाविकाने ते सारं टिपलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला एडवणला जायचं होतं, नारळीच्या वाड्या असलेल्या मोठ्या घरच्या लग्नाला. निघायच्या गडबडीत तिने कार्ड रीडरला लावलं. दिवा विझला, लागला, पुन्हा विझला. फोल्डर तयार झालेलं दिसलं. ते उघडून न बघताच तिने कार्ड पुसलं आणि कॅमेऱ्यात घातलं. फोल्डरमध्ये फोटोंची नुसती नावं आली होती, हे तिला फार उशिरा कळलं. एकही उघडत नव्हता.

मग जिव्याचा फोन आला. फोटो कधी मिळतील, एवढंच त्याने विचारलं.

"उजेड कमी होता, दादा," ती बोलून गेली. "बघते काय करता येतं."

पुढच्या फोनला तेच वाक्य जास्त सहज आलं.

आज नवा रीडर घेऊन ती स्टुडिओत आली, खुर्ची ओढली आणि पुसलेले फोटो परत आणणारा प्रोग्राम लावला. जुन्या रीडरवर तो दर वेळी अर्ध्यात बंद पडायचा. त्या अर्धवटपणाच्याच आशेवर ती इतके दिवस तगली होती. आज मात्र काहीच अडलं नाही. एकेक चौकट भरत गेली. नारळीच्या झाडांखालची नवरी. मेंदीचे हात. नवरीची मैत्रीण. पुन्हा नवरी. कार्डाच्या टोकापर्यंत फक्त एडवणच होतं, पाड्यावरच्या फोटोंवर चढलेलं.

भाविका पडद्याकडे बघत बसली. दारातून आवाज आला तेव्हा ती दचकली.

"बाय, येऊ का आत?"

जिव्या दारात उभा होता. पांढराशुभ्र शर्ट, डोक्याला तेल. त्याच्यामागे तानी होती, लग्नातलीच पिवळी साडी नेसून. मासवणहून टमटमने पालघर आणि तिथून इथवर येताना साडीच्या निऱ्या चुरगळल्या होत्या. तानी त्या हाताने सारख्या करत होती.

"या ना. बसा."

"बसत नाय," जिव्या म्हणाला. "तू सांगत होतीस, उजेड कमी पडला. तवा आमी म्हटलं, इथंच येऊ. इथं तुझे दिवे हायत. परत काढ."

"याला मी सांगत होते," तानी हळूच म्हणाली, "मांडवावर हिरवी ताडपत्री नको टाकू, काळोख होतो. ऐकतो कुठं? रोज भांडतोय आमी त्यावरनं."

"चुकलं माझं," जिव्या म्हणाला. तो भाविकाकडे बघून कसनुसं हसला. "आता ताडपत्री नाय."

भाविकाने टेबलाची कड धरली.

"दादा, उजेड पुरेसा होता," ती म्हणाली. "ताडपत्रीचं काही नाही. फोटो छान आले होते. माझ्याकडून गेले. तो रीडर... ते मशीन खराब निघालं, आणि सगळे पुसले गेले."

तिने बाहीने डोळे पुसले. भाविकाला तोंड वर करवेना. मग तानी पुढे आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मशीनचा काय भरोसा," ती म्हणाली. "रडू नको बाय. तू तरी काय करशील?"

तो हात खरखरीत आणि ऊबदार होता. गप्प राहिलं तर तो तसाच राहील, हे भाविकाला कळत होतं.

"ते खराब आहे हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "आधीपासून. एडवणच्या लग्नात मी दोन कार्डं वापरली, तिथल्या तिथे बसून एकेक फोटो उघडून बघितला. तुमचे बघितले नाहीत."

पाठीवरचा हात निघाला.

तानी वळून लॅपटॉपकडे पाहू लागली. नारळीखालची नवरी पडदाभर हसत होती.

"हीच का ती?"

"हो."

"चांगली हाय पोरगी," तानी म्हणाली. तिने पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

जिव्याने दिव्यांच्या छत्र्यांकडे एकदा पाहिलं. "मग काढायचा का दोगांचा? आलोच हाय तर."

"नको," तानी म्हणाली. "दोगांचा काय करायचा? आई नाय, भाऊ नाय त्यात."

दाराशी जाऊन तिने चपला पायात सरकवल्या. मग तिथूनच म्हणाली,

"भट्टीवरनं माणसं आली की हेतल तुला फोन करंल. तवा घरी ये."

"येईन," भाविका म्हणाली. "नक्की येईन. सगळ्यांचे काढीन."

"फोटू काढ नायतर नको काढू," तानी म्हणाली. "पन जेवून जा. त्या दिशी पानावर भात वाढला, आन तू हात न लावता उठून गेलीस. आई बघत होती."