घळीतली नथ

एवढी गर्दी घळीत मी कधी पाहिली नव्हती. पावसाळ्यात जिथून धबधबा कोसळतो, त्या कोरड्या कड्याच्या काठावर नारळ, अगरबत्त्या आणि मधोमध देवीचे भगत महिपतीबुवा. मी आणि माझी मैत्रीण वृंदा पेणहून आलो होतो, खांद्यावर दोर घेऊन, घळ उतरायला.

"खडकातून उगवलीय आईची नथ!" बुवा ओरडले. "दोन पावसाळे गेले, गंजली का? लोखंड असतं तर गंजलं असतं!"

नथ म्हणजे स्टीलची पट्टी आणि तिच्यात अडकवलेली कडी. गिर्यारोहकांनी दोर बांधायला खडकात ठोकलेली. माझ्या घरचं पातेलंही वीस वर्षं गंजलेलं नाही, त्याला कुणी हार घातला नाही.

खरं तर मला वादाचा कंटाळा आला होता. बोलून बोलून आपला घसा बसतो, माणसं होती तिथंच राहतात. पण कडीशेजारी खालच्या वाडीतली, ओळखीची मालू बसली होती. पोटुशी, आणि डोळे हळदीसारखे पिवळे. तिची सासू बायजा कडीवर ओतून खाली धरलेलं पाणी तिला पाजत होती.

"बायजाबाई, रोह्याला दवाखान्यात न्या हिला."

"बुवांनी बंदी केलीय. पुनवंपर्यंत दवाखान्याची पायरी चढली तर आई कोपंल."

मग मी कडीत दोर ओवला, कड्यावरून थोडी खाली उतरले आणि तिथूनच ओरडले, "बघा! माणसानं लटकावं म्हणूनच बसवलीय ही. खालच्या प्रत्येक कड्यावर अशीच आहे!"

"बघा, आईनं कसं धरलंय बाईला!" बुवा म्हणाले. जयजयकार झाला. वर येईपर्यंत माझ्या दोराला कुणीतरी कुंकू लावलं होतं.

मी दमून खाली बसले. मग पिशवीतून पाना काढला आणि नट फिरवायला लागले.

"शिवू नका! भस्म व्हाल!" म्हणत बुवा स्वतःच दोन पावलं मागे सरकले.

पट्टी कडीसकट हातात आली. खडकात उरला नुसता आटे पाडलेला बोल्ट. पट्टी मी मालूकडे दिली. तिनं ती उलटसुलट केली.

"आत्याबाई, हिच्यावर इंग्रजी छापलंय."

"आई इंग्रजी कवा शिकली?" बायजानं बुवांना विचारलं.

"आईला सगळ्या भाषा येतात!"

या वेळी जयजयकार झाला नाही. मागं कुणीतरी फिसकन हसलं. बायजानं त्या बोल्टच्या आट्यांवरून बोट फिरवलं.

"ऊठ गो," ती सुनेला म्हणाली.

पट्टी परत लावून नट मी पुन्हा घट्ट बसवला. उद्या दुसरं कुणी त्याच्या भरवशावर लटकणार. आमचं घळ उतरणं राहिलं ते राहिलंच. सासू-सुनेला घेऊन आम्ही टेम्पोनं रोहा गाठलं.

दवाखान्यात मालूला दाखल करून घेतलं, रक्त काढलं.

"नक्की बरी व्हईल ना?" बायजानं विचारलं.

"ते डॉक्टर आत्ताच नाही सांगणार. आधी रक्त तपासतील."

"बुवा तर नक्की म्हनत व्हते."

"काय तपासून म्हणत होते?"

बायजा सुनेच्या पायावरून हात फिरवत राहिली.

माझं तुमच्याकडेही एवढंच मागणं आहे. कुणी 'नक्की' म्हणालं, की काय तपासून म्हणता, ते विचारा. आणि घरात आजारी माणूस असेल तर आधी दवाखान्याची वाट धरा. प्रश्न वाटेत विचारला तरी चालेल.