टेबलाची खालची बाजू

धाकट्या लेकीला जुळी झाली, त्याच वर्षी सुताराची बायको जिन्यावरून पडली आणि तिचा खुबा मोडला. हाड धड बसलं नाही, वर छातीत पाणी भरायला लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता हिला हलवायचं नाही. दवाखान्यातून आणलं ते थेट माडीवरच्या खोलीत. वर ती, खाली वर्कशॉप, मध्ये अठरा पायऱ्या.

तीस वर्षं ती खाली दाराजवळ बुटक्या स्टुलावर बसून लाकूड घासत आली होती. पॉलिश पेपरने तिच्या बोटांवरच्या रेघासुद्धा पुसल्या होत्या. आता तिचं मागणं एकच. "अहो, डोळे मिटायच्या आधी एकदा वर्कशॉप बघायचंय मला."

मुलाने फोनवर फोटो काढून आणला. तिने डोळे बारीक केले. "या काचेत मला माझंच थोबाड दिसतंय. ते काय बघायचं?"

"मी कागदावर काढून देतो," सुतार म्हणाला. बोलायला काय जातं! आजवर त्याने काढलेलं चित्र म्हणजे फळीवरची मापाची खूण.

सून घरांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात कामाला होती. तिने पहिल्याच दिवशी सासऱ्याच्या हातातली पट्टी काढून घेतली. "बाबा, नुसत्या हाताने. रोज पंचवीस खोकी. दुसरं काही नाही."

खोकी म्हणजे पोरखेळ, असं त्याला वाटलं. संध्याकाळी सून कामावरून आली, चहा घेतला आणि लाल पेन्सिल घेऊन बसली. खोक्याच्या मागे जाणाऱ्या कडा ती एकेक करून लांबवत नेई. त्या दूर कुठेतरी एकाच ठिपक्याला मिळायला हव्यात. सुताराच्या कडा भांडलेल्या भावांसारख्या. शेजारून चालायच्या, पण भेटायच्या नाहीत.

"बाबा, मागची कड पुढच्याएवढीच काढलीत. लांब आहे ती, लहान दिसायला हवी."

"दिसते, पण आहे तेवढीच ना? पन्नास वर्षांत माझ्या हातून टेबलाचा एक पाय आखूड गेला नाही. आता म्हातारपणी मुद्दाम आखूड करू?"

"करा की," पलंगावरून आवाज आला. "माझा एक झालाच आहे. सोबत होईल त्याला."

डोक्याला पटलं तरी हाताला पटेना. दोन महिने रोज पंचवीस खोकी. कागदावरचा लाल रंग हळूहळू कमी होत गेला. तिकडे तीही कमी होत होती. सुरुवातीला ती वाकडी खोकी मोजायची आणि हसायची. मग एखादंच बघायची. मग कागद नुसता छातीवर धरून पडून राहायची.

शेवटी त्याने वर्कशॉप काढलं. कामाचं मोठं टेबल, खिडकी, भिंतीवरच्या करवती. सुनेने लाल पेन्सिल उचललीच नाही. बायकोने मात्र बराच वेळ बघितलं.

"छान आलंय. पण हे तुमचं वर्कशॉप, उभ्या माणसाचं. मी कधी उभी होते तिथे? मला टेबलाची खालची बाजू दिसायची."

"आई बरोबर बोलतायत," सून म्हणाली. "बघणाऱ्याचा डोळा खाली आला की सगळं बदलतं. बाबा, त्यांच्या जागी बसून काढा."

तो खाली गेला आणि बुटक्या स्टुलावर बसला. तीस वर्षांत पहिल्यांदा. समोर टेबलाची खालची बाजू होती. करवतीतून निघाली तशीच खरबरीत, सरसाचे वाळलेले ओघळ, काळ्या गाठी. टेबल त्यानेच केलेलं. वरची बाजू त्याने आरशासारखी रंधली होती. खालची कोण बघतंय म्हणून सोडून दिली होती. लोकांच्या खुर्च्या घासून गुळगुळीत करणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर त्याने तीस वर्षं हे ठेवलं होतं.

तिथे त्याने पेन्सिल घ्यायला हवी होती. हात सुताराचा, तो रंध्याकडे गेला. एकट्याने टेबल पालथं केलं, दोन दिवस रंधलं, स्वतः पॉलिश पेपर मारला.

"खाली कसला आवाज येतोय गं?" तिने विचारलं.

"बाबा रंधा मारतायत, आई."

"आणि माझं चित्र?"

"काढतो म्हणालेत."

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी टेबल सरळ करून तो स्टुलावर बसला. या खेपेला रेघा पहिल्याच हाताला जिथल्या तिथे मिळाल्या. चित्रात टेबलाची खालची बाजू नितळ आली होती. अशी ती तिने कधी पाहिलेली नव्हती. कागद घेऊन तो अठरा पायऱ्या चढला, तर वरच्या पायरीवर सून बसली होती. तिने कागद मागितला नाही.

सुताराची बायको त्याच वर्षी, जुळ्यांना पहिला दात फुटला त्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी सव्वानऊ वाजता वारली.