उजव्या हाताचं देऊळ

"देऊळ उजवे हातले शे. तुम्हीन डावे काढं," जसोदाबाई खाटेवरून म्हणाली.

छगनने निमूटपणे फरशीवरचं देऊळ पुसलं आणि खडूने तलावाच्या दुसऱ्या बाजूला काढलं. नंदुरबारातल्या त्याच्या फोटोच्या दुकानामागची ती खोली. फरशीवर अख्खा रस्ता आखून झाला होता. नंदुरबार, प्रकाशा, तापीचं पात्र, शहादे, म्हसावद आणि तिथून वर तोरणमाळ. नवरा-बायको महिनाभर हाच खेळ खेळत होते. मी दारात उभा राहून बघत होतो आणि मनातून चिडत होतो, कारण त्या रस्त्यावर लॉरी मला हाकायची होती.

मी वाहरू. नंदुरबार-शहादे सर्व्हिस लॉरीचा ड्रायव्हर. छगन माझा लहानपणापासूनचा दोस्त. तापीकाठच्या गुजर घरातला, पण शेतीत मन लागलं नाही म्हणून सुरतेला जाऊन फोटो शिकून आला. शिकून केलं काय, तर वीस वर्षं मढ्यांचे फोटो काढले. जिवंतपणी फोटो काढला की आयुष्य घटतं, असं आमच्या लोकांच्या डोक्यात पक्कं. मग माणूस गेला की त्याला भिंतीला टेकवून बसवायचं, पागोटं घालायचं आणि छगनला बोलावणं धाडायचं. लग्नाच्या दारात तो दिसला की बाया तोंड फिरवायच्या. खुद्द जसोदाबाईनेही कधी फोटो काढून घेतला नाही.

ती क्षयाने खाटेला लागली होती. पावसाळ्यापर्यंत काही ती टिकत नाही, असं डॉक्टरने छगनला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिने नवऱ्याकडे मागितलं ते एवढंच. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ती गोरखनाथाच्या जत्रेला गेली होती, तेव्हा कड्यावरून दिसलेला तोरणमाळचा तलाव तिला एकदा बघायचा होता. तिला वर नेणं शक्य नव्हतं. तेव्हा तलावच कागदावर खाली आणायचा, असं छगनने ठरवलं.

अडचण महिन्याची होती. होळीपर्यंत लॉरी सरकी काढायच्या जिनात कापूस वाहायची, लॉरीचा मालक शेठ ती सोडायचा नाही. म्हणजे उरला चैत्र. आणि चैत्रात सातपुडा जळत असतो. मोहाची फुलं पाचोळ्यात हरवतात म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, शेताची जागा करायची तर झुडपं पेटवतात. संध्याकाळी आम्ही सपाटीवरची माणसं ओसरीवर बसून डोंगरातल्या त्या आगी बघायचो.

"फागुन-चैतमा डोंगर जळस, छगनभाऊ. धूरना फोटो काढशात का?" मी म्हणालो.

त्याने खडू खाली ठेवला. मग मला बाहेर घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "तिन्हाजोडे पुढलं साल कोठे शे, वाहरूभाऊ?"



वरची व्यवस्था माझ्याकडे आली. तोरणमाळच्या अंगाला गोवाल नावाचा पावरा आदिवासी राहायचा. दोन वर्षांपूर्वी तो बाजाराला उतरला आणि तापाने आमच्या लॉरीतच आडवा झाला. छगनने त्याला आठ दिवस ओसरीवर ठेवलं, जसोदाबाईने स्वतःच्या हाताने पेज पाजली. तेव्हापासून उतरला की तिच्यासाठी चारोळी घेऊन यायचा. शहाद्याच्या बाजारात मी त्याला गाठलं आणि छगनचा निरोप दिला. कड्यावर पुरुषभर गवत आणि काटेरी झुडपं आहेत, त्यातून फोटोच्या पेटीला तलाव दिसणार नाही, तेवढी जागा आम्ही यायच्या आधी साफ करून ठेव.

"करसू. बाईनं काम शे," तो म्हणाला.

बस. कोयत्याने कर, हे मी बोललो नाही. जन्मभर ते डोंगर बघणारा मी, तिकडे जागा कशी साफ करतात हे मला ठाऊक नव्हतं होय? पण लॉरीत माणसं भरायची होती, मी घाईत होतो. आजही ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आम्ही निघालो तेव्हा छगनला नव्या नवरदेवासारखा उत्साह होता. सहा काचेच्या प्लेटी गोधडीत गुंडाळलेल्या, पेटीवर ओलं फडकं. तापीच्या वाळूत फांद्या टाकून केलेल्या वाटेवरून मी लॉरी अशी काढली की पोटातलं पाणी हलू नये. शहादे आलं. एरवी तिथून डोंगराची रांग कशी समोर उभी असते. त्या दिवशी समोर धुराशिवाय काहीच नव्हतं.  छगनच्या प्लेटींना निळं वेगळं कळत नाही, धूर नि आभाळ सगळं पांढरंच उमटतं, हे त्यानेच मला मागे सांगितलं होतं.

पायथ्याशी लॉरी ठेवून पेटी डोक्यावर घेऊन चढलो. वर कडा काळा ठिक्कर होता. गवत नाही, झुडूप नाही, जागा अगदी साफ. गोवाल तिथे उभा होता. भुवया जळलेल्या, तळव्यांना पानं बांधलेली. जागा साफ करायला त्याने चार दिवसांपूर्वी कडेचं गवत पेटवलं होतं, विझवायला हिरव्या फांद्याही कापून ठेवल्या होत्या. पण वारा फिरला. सगळा पाडा तीन दिवस आग झोडपत राहिला, तरी ती उतारावर गेली आणि पलीकडच्या डोंगरावर चढली. ओंडके अजून धुमसत होते. त्याच्या घरचे मोहही गेले. त्याची बायको फुलीबाई त्या काळ्या बुंध्यांखाली टोपली घेऊन उगाच फिरत होती. वर्षभराचं खाणं होतं ते. तिने आम्हाला पाणी दिलं नि पुन्हा टोपली उचलली.

छगनने तिवई लावली, काळं कापड डोक्यावर घेतलं. पेटीच्या काचेवर काही दिसेना. वारा पडेल म्हणून दिवसभर वाट पाहिली. एकदा धूर जरा फाटल्यासारखा वाटला, तेव्हा त्याने दोन प्लेटी वापरल्या. उरलेल्या चारही प्लेटी संध्याकाळी, नुसत्या आशेवर. रात्र पाड्यावर काढून सकाळी उतरलो. पेटी गोवालने उचलली होती.

लॉरीपाशी जंगलखात्याचा नाकेदार दोन माणसं घेऊन उभा होता.

"कड्यावरची आग कुणी लावली?"

"मी," गोवाल म्हणाला.

"कशासाठी?"

गोवालने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मोहफुलं येचाले," तो म्हणाला.

छगनने तोंड उघडलं. मी नाकेदाराच्या पाठीमागे उभा होतो, तिथून मी मान हलवली. नको. बोलला असता तर त्यालाही तालुक्याला नेलं असतं, जबान्यांत आठवडा गेला असता, आणि घरी ती एकेक श्वास मोजत होती. हे सगळं खरं. आणि माझी नोकरी गेली असती, हेही तितकंच खरं. छगनने तोंड मिटलं.

नाकेदाराने गोवालला आमच्याच लॉरीत बसवलं. रस्ता खडबडीत होता. शहाद्यापर्यंत गोवालने छगनची पेटी मांडीवर घेतली होती. खड्डा आला की तो ती दोन्ही हातांनी वर उचलून धरायचा. मी आरशात बघायचं सोडून दिलं.

त्याला तीन महिन्यांची कैद झाली.

छगनने प्लेटी धुतल्या, त्यातली त्यात बरी होती तिचा कागद काढला. खाली काळा कडा, वर सगळं कोरं. तोच त्याने जसोदाबाईच्या हातात दिला. मी तेव्हा तिथेच होतो. तिने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"हाई काय, धुकं शे का?"

"हां. धुकं शे."

"तवय बी असंच धुकं व्हतं," ती म्हणाली. मग विचारलं, "गोवाल कसा शे?"

"बरा शे," छगन म्हणाला.

 तिने कागद उशाशी ठेवला. अकराव्या दिवशी ती गेली. लोकांनी रिवाजाप्रमाणे छगनला पेटी आणायला सांगितली. त्याने आणली नाही.

आषाढात गोवाल सुटला. धुळ्याच्या तुरुंगातून पायीच आला आणि घरी जाण्याआधी दुकानात शिरला. मी तिथे बसलो होतो, उठून पळावंसं वाटलं. खूप वाळला होता. दारातच त्याने विचारलं, "पेटीले काही व्हयनं तर नही ना?"

छगनने नाही म्हणून मान हलवली. मग गोवालची नजर मागच्या खोलीतल्या रिकाम्या खाटेवर गेली.  तो म्हणाला, "आते धूर नही, भाऊ. डोंगर हिरवा शे. आते चला."

 छगनने दुकानाच्या भिंतीवर टांगलेला तो तलावाचा कागद काढून गोवालच्या हातात ठेवला. सगळी गिऱ्हाइकं तो बघून हसायची, हे काय कोरं टांगलंय म्हणायची. गोवालने धोतराला बोट पुसलं आणि त्या पांढऱ्यावर टेकवलं. हा तलाव, तो सांगू लागला. ही पाण्याकडे उतरायची वाट. हे फुलीचे मोह. बोट सावकाश फिरत होतं, छगन वाकून बघत होता.

देऊळ त्याने उजव्या हातालाच दाखवलं.